साठ भोपळे आणि एक नाव

मला स्वस्थ बसता येत नाही, हा माझा दोष आहे असं आमच्या हिचं म्हणणं आहे. मी त्याला गुण म्हणतो! जगात जी काही कामं झाली ती स्वस्थ न बसणाऱ्यांनीच केली. बसणाऱ्यांनी फक्त त्यांची चौकशी केली.

छत्तीस वर्षं मी नकाशांच्या कचेरीत आरेखक होतो. नद्या, रस्ते, विहिरी, टेकड्या, सगळ्यांची नावं माझ्या हातची. माझी बदली होणार होती तेव्हा साहेबांनी हुकूम फाडून टाकला होता, कारण वाकड्या नदीच्या पोटात सरळ अक्षर बसवणारा दुसरा कुणी कचेरीत नव्हता. असल्या माणसाला निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवलं तर काय होणार? पहिल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. दुसऱ्या आठवड्यात वर्णानुक्रमे. तिसऱ्या आठवड्यात हिनं माझ्या चपला उंबऱ्याबाहेर ठेवल्या, टाचा घराकडे आणि अंगठे रस्त्याकडे, आणि सांगितलं की रस्त्याच्या टोकाला फूड बँकेची बाग आहे, तिथं बिनपगारी माणसं हवी आहेत, तुम्हाला पुण्य लागेल आणि मला शांतता.

बर्फाच्या बंद पडलेल्या कारखान्यामागे ही बाग. बारा वाफे, एक गळका नळ, अवजारांची पत्र्याची खोली. पिकेल ते सगळं शेजारच्या हॉलमध्ये जायचं आणि दर शनिवारी साठ घरांना वाटलं जायचं. कारभार हेडबाईंचा. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, हे त्यांना अजून कुणी कळवलेलं नसावं. हातात छडी नव्हती एवढंच. ती त्यांनी आवाजात मुरवली होती. आणि दुसरा माळीदादा. हा दिवसाला दहा शब्द बोलायचा, त्यातले सात रोपांशी.

त्या वर्षी सगळी भिस्त लाल भोपळ्यांवर होती. कारण असं की पालेभाजी संपल्यावर पुढची हाताशी यायला तीन आठवडे लागतात. त्या तीन आठवड्यांत बागेत मातीशिवाय काही नसतं. म्हणून हेडबाईंनी तीन वाफे भोपळ्याला दिले होते आणि घरटी एक मोठा भोपळा मिळेल असा शब्द साठ घरांना देऊन ठेवला होता. सगळ्यांत जास्त वाट पाहत होत्या त्या शिवणवाल्या ताई. एका खोलीत एक मशीन आणि तीन मुलं. त्यातली धाकटी भाज्यांशी उभा दावा मांडून बसलेली; फक्त भोपळा तेवढा खायची. ताई दर शनिवारी पिशवी भरून झाली की हळूच विचारायच्या, "भोपळा कधी?" आणि हेडबाई, ज्या कुणालाही तारीख देत नसत, त्यांना तारीख सांगायच्या.

अशात भोपळे चोरीला जाऊ लागले.

मुठीएवढे झाले नाहीत तोच दोन गेले. मग आणखी दोन. हेडबाईंनी सभा बोलावली. कुणी काटेरी तार सुचवली, कुणी कुत्रा. माळीदादानं "माकड" एवढंच म्हटलं. माकड संशयित होतं की उपाय, ते कळलं नाही. मी मात्र उठलो आणि छातीवर हात ठेवून सांगितलं की आजपासून एका भोपळ्याच्या केसालाही धक्का लागणार नाही, बंदोबस्त माझा. कसा, असं हेडबाईंनी विचारलं. म्हटलं, ते माझ्यावर सोडा.

वाचकहो, माझं अर्धं आयुष्य कचेरीत गेलं आणि उरलेलं कीर्तनात. बुवा उभे राहिले की मी पहिल्या रांगेत. बाकी कुठे मी दहा मिनिटं टिकत नाही; कीर्तनात तीन तास मांडी मोडत नाही. आणि तिथं मी एक गोष्ट शिकलो. कुलूप हाताला अडवतं, नाव मनाला अडवतं. चोर झाला तरी त्याला मन आहेच! कोवळ्या फळाच्या सालीवर टोकदार वस्तूनं लिहिलं तर जखम सुकते, फळ वाढतं, आणि अक्षर त्याच्याबरोबर फुगतं. दुसऱ्या दिवसापासून मी कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन वेलीत शिरलो आणि एकेका मुठीएवढ्या भोपळ्यावर देवाचं नाव कोरू लागलो. जसजसे भोपळे धरत गेले तसतसा मी वाकत गेलो. तीन आठवडे! एकसष्ट भोपळे! कंबर अशी धरली की घरी येऊन मी जमिनीला चेहरा दाखवूनच चहा प्यायचो.

पण अक्षरं काय उठली म्हणून सांगू! भोपळा कलिंगडाएवढा झाला तेव्हा एकेक अक्षर वितीचं झालं होतं. राखाडी, उठावदार, सालीतून वर आलेलं. छत्तीस वर्षांत कागदावर साधलं नाही ते सालीवर साधलं. चोरी त्या दिवसापासून बंद. माळीदादानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हात जोडले, बूट काढून बांधावर ठेवले आणि अनवाणी वाफ्यात उतरला. मला भरून आलं. पुढं त्याच्या पायात काटा मोडला, तो लंगडू लागला, तरी बूट घालेना. एव्हाना मला काहीतरी समजायला हवं होतं. पण मी म्हटलं, काय ही भक्ती!

वाटपाचा शनिवार मी जन्मभर विसरणार नाही. ओळीत उभी माणसं भोपळा हातात घ्यायची, नाव पाहायची आणि डोकं झुकवायची. एका आजोबांनी तो कपाळाला लावला. एका माणसानं पिशवीत घालायला नकार दिला, कारण पिशवीत आधी चपला होत्या. अंगातला सदरा काढून त्यात गुंडाळून नेला. शिवणवाल्या ताईंच्या डोळ्यांत पाणी. हेडबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, अक्षर तुमचं ना? मी मान खाली घातली, म्हणजे नम्रतेनं. त्यांनी पाठीवर थोपटलं. शाळेत असताना मुख्याध्यापकांनी माझ्या पाठीला हात लावला होता तो वेगळ्या कारणासाठी. हे सुख पहिलंच.

एकसष्टावा भोपळा त्यांनी हॉलमधल्या आपल्या टेबलावर ठेवला. एखादं नवं घर यादीत आलं तर त्यांच्यासाठी.

पुढच्या शनिवारी मी लवकरच हॉलमध्ये गेलो. स्तुती ऐकायला थोडं आधी गेलेलं बरं असतं. माणसं आली. पिशव्या उघडल्या. त्या आठवड्याला वाटायला तांदूळ, डाळ आणि थोडे बटाटे, वांगी एवढंच होतं. हेडबाईंनी एकेकाला विचारायला सुरुवात केली की भोपळा पुरतोय ना.

पुरणार काय? कुणी कापलाच नव्हता!

एका घरी तो कपाटावर होता आणि त्याच्यासमोर रोज फूल. एका घरी तो पलंगावर होता आणि घरधनी जमिनीवर. सदरेवाल्यानं त्याच्यासमोर शिव्या देणं सोडलं होतं, त्यामुळं त्याचं आणि त्याच्या भावाचं बोलणंच बंद झालं होतं. दुसरा विषय नव्हता. आणि ताईंनी तो शिवणयंत्राच्या फळीवर ठेवला होता, कारण त्या खोलीत तेवढी एकच उंच जागा. म्हणून सात दिवस मशीन बंद.

"आणि मुलं काय खातात?" हेडबाईंनी विचारलं.

ताई खाली बघत म्हणाल्या, "भात. धाकटी त्याच्यासमोर ताटली घेऊन बसते. नुसती बघते."

हे वाक्य मला कुठं लागलं ते सांगता येणार नाही. हेडबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत छडी पूर्ण बाहेर आली होती.

त्यातून आणखी एक भानगड उपटली. नाव आपोआप उगवलं अशी वदंता पसरली होती. चार गल्ल्यांपलीकडची माणसं बाग पाहायला येऊ लागली, आणि पुढच्या पालेभाजीची नुकतीच कोंब काढलेली रोपं त्यांच्या पायाखाली गेली. माळीदादा बांधावर बसून त्या दिवसाचे दहाही शब्द माणसांसाठी वापरत होता. ते मी इथं लिहीत नाही.

मग मी हॉलमध्ये खुर्चीवर चढलो आणि सगळ्यांसमोर कबुली दिली. चमत्कार नाही, कर्कटक आहे. हे बघा कर्कटक. हे बघा माझी कंबर. नाव मी लिहिलं, चोरासाठी लिहिलं, तुमच्यासाठी नाही, तुम्ही खुशाल कापा.

माणसं शांतपणे ऐकत होती. शेवटी ते आजोबा म्हणाले, "तुम्ही लिहिलंत म्हणून ते नाव दुसऱ्या कुणाचं झालं काय?"

हेडबाईंनी सुरी आणली, टेबलावरचा एकसष्टावा भोपळा पुढं ओढला आणि सुरी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, ज्यानं लिहिलं त्यानंच सुरुवात करावी, म्हणजे लोकांची भीड चेपेल. मी सुरी उचलली. समोर माझंच अक्षर. सुरी धरलेला हात भोपळ्याच्या वर तरंगत राहिला. तरंगतोय, तरंगतोय! साठ घरं बघतायत. मी सुरी खाली ठेवली आणि भोपळ्याला नमस्कार केला. मागून सगळ्या हॉलनं केला.

"नकाशेकाका," हेडबाई म्हणाल्या, "तुम्ही घरी जा."

घरी कुठला जातो! मी थेट बुवांकडे गेलो. वाटेत तीनदा परत फिरलो, चौथ्यांदा धावलो. बुवांना सगळं सांगितलं. ते हसले, डोळे मिटले आणि म्हणाले की यात काय अवघड आहे, उद्या संध्याकाळी हॉलमध्ये उभा राहतो, असं निरूपण करतो की घरी जाताच सुऱ्या निघतील. मी त्यांचे पाय धरले. हेडबाईंना निरोप पाठवला की प्रश्न सुटला.

कीर्तन असं झालं, असं झालं, की काय सांगावं! बुवा पुढं मांडणार होते ते असं: देव अन्नात आहे, भुकेल्यातही आहे, म्हणून खाणं म्हणजे देवानं देवाला भेटणं. पूर्वरंगात त्यांनी पहिला भाग घेतला. बीजात तोच, वेलात तोच, देठात तोच, फळात तोच. चाल अशी लागली की बुवा तिथून हलेनात. लोकांनी टाळ्यांनी छत उचललं. बुवांनी ते पद पुन्हा घेतलं. मग पुन्हा. मी स्वतः डोलत होतो, खोटं कशाला बोलू. कशासाठी आलोय तेच विसरलो होतो. उत्तररंग सुरू होणार तेवढ्यात रखवालदारानं किल्ल्या वाजवल्या. हॉलची वेळ संपली. माणसं डोळे पुसत, एकमेकांना मिठ्या मारत घरी गेली, अर्धंच कीर्तन घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडबाईंचा फोन आला. चार घरांनी पिशव्या परत आणून दिल्या होत्या.

"तुमच्या बुवांनी आता वांगीसुद्धा बंद केली," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढचे चार दिवस मी काय केलं ते आठवत नाही, फक्त चाललो. खोलीतून ओट्यापर्यंत, ओट्यापासून दारापर्यंत. आमची ही भाजी निवडत बसली होती. तिनं पाय वर घेतले, म्हणजे मला वळायला जागा होईल. जेवायला बसलो की त्या धाकटीची ताटली दिसायची. उठायचो, चपला घालायचो, काढायचो. देवाला म्हटलं, बाबा, नाव तुझं लिहिलं ते तुझ्या लेकरांना उपाशी ठेवायला नव्हे रे. तूच काहीतरी कर, मी केलं की असं होतं.

शुक्रवारी शिवणवाल्या ताई धापा टाकत हॉलमध्ये आल्या. मी तिथंच होतो, हेडबाईंना टाळत कपाटामागे. ताई रडत होत्या की हसत होत्या, ठरवता येईना. झालं होतं असं: एका शाळेचे तीस सदरे शिवायचं काम आलं होतं. नाइलाजानं त्यांनी भोपळा फळीच्या कडेला सरकवून मशीन सुरू केलं. मशीन थरथरलं. भोपळाही थरथरला. तो सरकत सरकत कडेला आला आणि खाली पडून फुटला.

ताई आधी खूप रडल्या. मग वाटलं, फुटलेला ठेवता येत नाही, आणि टाकणं तर त्याहून वाईट. म्हणून गोळा केला, धुतला, शिजवला. धाकटीनं तीनदा मागून घेतला.

"बाई, मी नाही फोडला हो," त्या हेडबाईंना म्हणाल्या. "त्यालाच घाई झाली असणार, पोरांच्या पोटात जायची."

हॉलमध्ये तेव्हा सात-आठ माणसं होती. आजोबांनी घसा खाकरला आणि आपलं कपाट जरा डुगडुगतंच, असं भिंतीला सांगितलं. दुसऱ्याला आठवलं की त्यांच्या पलंगाचा एक पाय आखूड आहे.

वाचकहो, त्या संध्याकाळी आमच्या वस्तीतले भोपळे आपोआप पडले! मी रस्त्यावरून चकरा मारत होतो आणि एकेका घरातून आवाज येत होता. धप्. मग क्षणभर शांतता. मग "अरेरे", पण असं की त्यात तोंडाला सुटलेलं पाणी ऐकू यावं. धप्. अरेरे. धप्. अरेरे. सदरेवाल्याचा दोनदा पडूनही फुटला नाही, तेव्हा भाऊ मदतीला आला आणि दोघांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. ऐकवत नव्हतं, पण सुरू झालं. तासाभरात सगळ्या गल्लीला शिजणाऱ्या भोपळ्याचा वास. रात्रीच्या जेवणाआधी, ताईंचा धरून, साठही पडले.

उरला एकसष्टावा. आणि शनिवारी सकाळी नेमकं एक नवं घर यादीत आलं. नवरा-बायको, चार मुलं, काल गाडीतून उतरलेले, हॉलच्या दारात बोचकी घेऊन उभे. हेडबाईंनी भोपळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या नव्या माणसांना कीर्तन माहीत नाही, कर्कटक माहीत नाही. असाच दिला तर यांचेही पंधरा दिवस जाणार. हेडबाई पाठ फिरवून तांदळाची पोती मोजू लागल्या, जी दोनच होती.

मी समजलो. टेबलाशी गेलो, मनातल्या मनात क्षमा मागितली आणि कोपर सहज, अगदी सहज, बाजूला नेलं.

भोपळा पडला. माझ्या उजव्या पायावर.

फुटलं ते बोट. भोपळ्याला ओरखडा नाही! तो घरंगळत जाऊन दाराशी थांबला, अक्षर वर, आणि मी एका पायावर सगळा हॉल फिरून आलो. हेडबाईंनी मला खुर्चीत दाबून बसवलं, माळीदादानं बोटाला पट्टी गुंडाळली, आणि कुणीतरी घरी निरोप धाडला.

ही आली. मला पाहिलं, पाय पाहिला, दारातला भोपळा पाहिला. चार मुलं तोंडात बोटं घालून उभी होती तीही पाहिली. हेडबाईंनी तिला दोन वाक्यांत सगळा पेच सांगितला. हिनं भोपळा उचलून टेबलावर ठेवला आणि सुरी मागितली.

मी खुर्चीतून कळवळून म्हटलं, "अगं, नाव आहे त्याच्यावर!"

हिनं चष्मा काढला, घडी घालून हेडबाईंच्या हातात दिला, आणि डोळे बारीक करून भोपळ्याकडे बघितलं.

"मला काही दिसत नाही," ती म्हणाली, आणि सुरी देठापासून खालपर्यंत ओढली.

सगळा हॉल हात जोडून उभा होता. मीही हात जोडले आणि डोळे घट्ट मिटून घेतले. मग एक उघडला. चार मुलं म्हणजे चार फोडी सारख्या पडायला हव्यात; कुणीतरी लक्ष द्यायला नको?